आधी थांबून दाखवा

खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी घाटात मध्येच थांबते. मंकी हिलला थांबते, ठाकूरवाडीला थांबते. प्रवासी घड्याळ बघतात, 'सिग्नल मिळाला नाही वाटतं' म्हणतात. कारण वेगळंच आहे. पुढचा सांधा मुद्दाम कॅच सायडिंगकडे लावून ठेवलेला असतो. हे रूळ डोंगरात वर चढत जातात आणि तिथंच संपतात. गाडी ठरल्या जागी उभी राहिली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे दिसलं, की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक गेलेच असतील, तर गाडी चढावर चढून दमते. उतारावर सुसाट सुटत नाही.

कामकाजाची पद्धत कशी आखावी हे शिकायला कंपन्या आपल्या मॅनेजरांना लोणावळ्याच्या रिसॉर्टांत आणतात आणि एसी हॉलमध्ये स्लाइड्स दाखवतात. त्यांना एकदा या उतारावरून न्यावं.

आपल्या बहुतेक कार्यपद्धती माणूस ताजातवाना आणि यंत्र ठणठणीत आहे असं धरून लिहिलेल्या असतात. चूक झाली की फॉर्मला एक रकाना वाढतो, एक सही वाढते. सात सह्यांच्या कागदावर सातवा माणूस सहाव्याच्या भरवशावर सही ठोकतो, आणि सहावा पाचव्याच्या. घाटातली पद्धत कोणाच्याच भरवशावर नाही. ब्रेक निकामी आहेत असं धरूनच ती सुरू होते; ते चांगले आहेत हे गाडीनं दाखवायचं. 'तपासले' असा शेरा कितीही झोकदार असला तरी त्यानं सांधा फिरत नाही. पावसाळ्याचंही तेच. दरड कोसळेल हे धरून हिल गँगची माणसं आधीच डोंगर चढतात आणि सुटे झालेले दगड पाडून टाकतात. जीव धोक्यात घालून केलेल्या या कामाची बातमी होत नाही, कारण त्यांचं काम नीट झालं की काहीच घडत नाही.

म्हणून जुना प्रत्येक टप्पा कवटाळून बसावं असंही नाही. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या खालच्या अंगाला रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागा नव्हती. तिथं थांबायचं, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट्या दिशेनं पुढे निघायचं. साठहून जास्त वर्षं हा खटाटोप चालला. नव्या बोगद्यांतून सरळ वाट निघाली तेव्हा, 1929 च्या सुमारास, तो बंद झाला. पुण्याकडे चढताना कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात, कारण चढ 37 ला 1 असा खडा आहे. 2023 मध्ये सुरू झालेली सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय चढते. तिच्या मोटारी डब्यांखाली विभागलेल्या आहेत. ज्या कारणासाठी टप्पा होता ते कारण उरलं नाही, म्हणून टप्पा गेला. वरिष्ठांना वेळ वाचवायचा आहे म्हणून टप्पे गाळणाऱ्यांनी हा क्रम पाठ करावा.

आता शेजारचा एक्स्प्रेसवे बघा. डोंगर तोच, उतारही तसाच. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकला जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात आणि कंटेनर पुढच्या मोटारींवर जातो. वर्षानुवर्षं हेच वाचतो आहोत. उपाय म्हणून फलक, आवाहनं, कॅमेरे, दंड. कॅमेरा वेग टिपतो. तापलेला ब्रेक त्याला दिसत नाही. आणि दंडाची पावती निघते तेव्हा ट्रक खोपोलीच्या दिशेनं निघून गेलेला असतो.

घाट उतरायच्या आधी, वरच्या सपाटीवर, प्रत्येक जड वाहनाला सक्तीचा थांबा द्या. ब्रेक तपासा, गिअर टाकायला लावा, मगच अडसर उचला. जागा लागेल, माणसं लागतील, तिन्ही पाळ्यांत लागतील. रांगा लागतील आणि वाहतूकदार तक्रार करतील. मालाला होणारा हा उशीर भाड्यात धरा. रेल्वेनं तो वेळापत्रकात केव्हाच धरला आहे.