बॅटरी वगळून

यूपीएसचा वार्षिक देखभाल करार काढून बघा. सहकारी बँकेच्या शाखेतला असो, वीस खाटांच्या हॉस्पिटलातला असो की पॅथॉलॉजी लॅबमधला. त्यात कुठंतरी ‘बॅटरी वगळून’ अशी ओळ सापडते. जे यंत्र सहसा बिघडत नाही त्याच्या देखभालीचे पैसे आपण दरवर्षी भरतो आणि जे हमखास मरणार आहे ते करारातच नसतं. मग चौथ्या-पाचव्या वर्षी बॅटऱ्या बसतात, कोटेशन येतं आणि संचालक मंडळ म्हणतं, हा खर्च अचानक कुठून आला? अचानक काहीच आलेलं नाही. यूपीएस घेतला त्याच दिवशी हा खर्च ठरला होता, अंदाजपत्रकात त्याला कुणी जागा दिली नाही इतकंच.

हिशेब अवघड नाही. २० केव्हीएचा यूपीएस, त्याला १२ व्होल्ट, ६५ एएचच्या (अँपिअर-अवर) ३० एसएमएफ (सीलबंद, पाणी घालावं न लागणाऱ्या) बॅटऱ्या. एकीचे ८,००० रुपये धरले तर २,४०,००० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००. (सप्टेंबर २०२५ पर्यंत या बॅटऱ्यांवर २८ टक्के होता, त्यामुळं जुन्या कोटेशनवरून आकडे उतरवू नका.) एकूण २,८३,२००. बहुतेक ठिकाणी चर्चा इथंच थांबते आणि सर्वांत कमी दरवाल्याला ऑर्डर जाते.

पण हे पैसे किती वर्षांसाठी, हे कुणी विचारलं? पाच वर्षं टिकल्या तर वर्षाला ५६,६४० रुपये. अडीच वर्षांत गेल्या तर १,१३,२८०. एसएमएफ बॅटरीचं आयुष्य २५ ते २७ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं, त्याच्या वर दर ८ ते १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. आणि आपण रॅक ठेवतो कुठं? जिन्याखाली, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जनरेटरच्या शेजारी. विदर्भ-मराठवाड्यात अशा खोलीचं तापमान वेगळं सांगायला नको. तिथं दोन टक्के सूट मिळवली म्हणून खरेदी समितीनं पाठ थोपटून घेऊ नये, निम्मं आयुष्य त्या खोलीनं खाल्लेलं असतं. एसी लावायचा तर त्याचं वीजबिलही हिशेबात धरा, छोट्या रॅकसाठी ते कधी कधी सगळी बचत गिळतं. सावलीतली, हवेशीर खोली निवडणं त्याहून कितीतरी स्वस्त.

‘आमच्याकडे वीज जातच नाही, बॅटऱ्या नव्यासारख्या आहेत,’ हे मी अनेकदा ऐकतो. न वापरलेली बॅटरीही म्हातारी होते. सतत चार्जिंगवर राहून तिच्या आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी कमी होतं. आणि वीज जात नाही हा भरवसा मुंबईलाही होता. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी तिथलीही वीज गेली आणि लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या.

तपासणीचंही तसंच. तंत्रज्ञ येतो, मल्टिमीटर लावतो, प्रत्येक बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट लिहून सही घेतो. तो आकडा चार्जरनं दिलेला असतो, मरायला टेकलेली बॅटरीही तेवढाच दाखवते. खरी क्षमता लोड टाकूनच कळते. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलायची, हा या धंद्यातला मान्य निकष आहे, कारण तिथून पुढची घसरण फार वेगानं होते. तीसमधल्या चार खराब निघाल्या म्हणून चारच बदलायच्या, ही काटकसर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत चालते. चौथ्या वर्षी ती उधळपट्टी ठरते. सगळ्या एकाच साखळीत असतात, उरलेल्या सव्वीसांपैकी जी आधी बसेल ती नव्या चारांनाही घेऊन बसणार.

बदलायच्या आधी लोड मोजा, हे तर कळकळीनं सांगतो. दहा वर्षांपूर्वी जाड डब्यांचे मॉनिटर आणि मोठे प्रिंटर धरून यूपीएस घेतला असेल तर आजचा भार त्याच्या निम्माही नसेल. बॅटऱ्यांची संख्या यूपीएसच्या व्होल्टेजनं बांधलेली असते, ती कमी होत नाही. एएच मात्र कमी करता येतात. मिनिटांचा हिशेब करताना साध्या भागाकारावर जाऊ नका. आमच्या २० केव्हीएच्या पूर्ण भाराला साधारण ४८ अँपिअर लागतात. ६५ ला ४८ नं भागलं की ८० मिनिटं येतात, प्रत्यक्षात नवीकोरी बॅटरीही पाऊण तासाच्या आसपासच देते. भार जास्त असला की बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही. उत्पादकाच्या तक्त्यात मिनिटागणिक आकडे असतात, ते विक्रेत्याकडून मागून घ्या. लिंक, ब्रेकर, बसवणी आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली कोटेशनमध्ये आहे का, तेही बघून घ्या.

आता भंगार. या ३० जुन्या बॅटऱ्यांचं वजन सुमारे ६०० किलो आणि त्यात निम्म्याहून जास्त शिसं. कोटेशनमध्ये ‘बायबॅक’ म्हणून एक ठोक आकडा येतो आणि आपण तो न बघता मान्य करतो. काट्यावर वजन करा, दर किलोनं मागा. पण सर्वांत जास्त दर देईल त्यालाच माल देऊ नका. तो माल बरेचदा वस्तीतल्या उघड्या भट्टीवर जातो. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’च्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, आणि बॅटऱ्यांचं असं बेकायदा वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत. जुनी बॅटरी अधिकृत संकलनात किंवा पुनर्चक्रणात देणं ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे. नोंदणीकृत रिसायकलर किलोमागे चार-पाच रुपये कमी देईल. ६०० किलोला ते अडीच-तीन हजार झाले. ते अंदाजपत्रकात आधीच वजा करा, आणि रिसायकलरची पोच पावती हातात पडल्याशिवाय नव्या बॅटऱ्यांचं बिल पास करू नका.