मनगटराव

पूर्वी घड्याळ ही निवडायची वस्तू नव्हती. एक लग्नात सासऱ्यांकडून यायचं, दुसरं निवृत्त होताना ऑफिसकडून, आणि मधल्या पस्तीस वर्षांत त्या विषयावर बोलणं झालंच तर एवढंच, की पट्टा तुटलाय. 'कुठलं घेऊ?' हा प्रश्न ज्याला पडतो आणि पडलेलाच राहतो, तो माणूस अलीकडचा. आमच्या सोसायटीत तो बी विंगला तिसऱ्या मजल्यावर राहतो. तुमच्याकडेही कुठल्या ना कुठल्या मजल्यावर असणारच. आमच्याला मी मनगटराव म्हणतो.

ओळखायची खूण सोपी. बाकीचे लोक भेटल्यावर तोंडाकडे बघतात, हे मनगटाकडे बघतात. मागे एका मुंजीत पंगत बसली होती आणि बटूचा मामा आग्रहाने जिलबी वाढत फिरत होता. मनगटरावांनी जिलबी नको म्हणताना हात आडवा केला, तो पानावर न धरता थेट मामाच्या मनगटावर ठेवला.

"पाच बटणं! रनर का आपण?"

"छे हो," मामा म्हणाला, "पोरानं अमेरिकेतून पाठवलंय. यात वेळ कुठे दिसते ते अजून सापडलेलं नाही."

तेवढ्यात दोन जिलब्या पानात पडल्या होत्या. मनगटरावांचं लक्ष नव्हतं. असल्या हातात असलं घड्याळ, या दुःखात त्यांनी त्या खाऊनही टाकल्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे गृहस्थ आळशी नाहीत. अशा माणसाची थट्टा करायची तर तो सोफ्यावर लोळतो असं दाखवणं फार सोपं असतं. पण मनगटराव पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर असतात आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दहा किलोमीटर तासाच्या आत धावतात. अडचण एवढीच, की आपण धावलो यावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसत नाही. पाय दुखले, घाम आला, टेकडीवरचा मोरही दिसला, तरी नाही. कुठेतरी नोंद झाली पाहिजे. धावणं हे पुण्यकर्म असेल, तर हातावर चित्रगुप्त हवा. आणि बाजारात चित्रगुप्त दोन प्रकारचे मिळतात, हेच त्यांचं दुखणं.

पहिला स्मार्टवॉच. दुसरा ट्रेनिंग वॉच. मनगटरावांच्या मते ही दोन घड्याळं नसून दोन जीवनपद्धती आहेत. "स्मार्टवॉच तुम्हाला जगाचं सांगतं," ते पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून समजावतात, "साहेबांची मेल आली, पार्सल गेटवर आलं, मावशीनं ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकलं. ट्रेनिंग वॉच फक्त तुमचं सांगतं. तुमचा वेग, तुमची नाडी, तुमची झोप." मग जरा थांबून, "पण साहेबांची मेल आलीच तर?" इथे गाडी अडते ती अडतेच.

या विषयाचा त्यांचा व्यासंग मात्र दांडगा. गार्मिनचं पहिलं फोररनर २००३ मध्ये आलं आणि अ‍ॅपलचं घड्याळ २०१५ मध्ये, म्हणजे धावणाऱ्यांचा चित्रगुप्त वयाने बारा वर्षं थोरला, हे ते घरच्या माणसांची जन्मसालं सांगावीत तसं सांगतात. (घरच्यांची विचारली तर वहिनींकडे बघतात.) फिनलंडसारख्या बर्फाळ देशात पोलर आणि सुंतो असे या धंद्यातले दोन बडे घराणेदार कसे निघाले, यावर त्यांनी मला लिफ्ट बंद असताना तीन मजले ऐकवलं आहे. लॅपटॉपवर एक्सेलचा तक्ता आहे. त्यात वजन, काच, जीपीएस, नकाशे, पट्ट्याची रुंदी असे रकाने आहेत. किंमत हा रकाना पानाच्या अगदी उजवीकडे, वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या तर स्क्रीनवर दिसणार नाही अशा बेताने. वीस हजारांपासून लाखापर्यंतचे आकडे आहेत त्यात.

त्यातून अ‍ॅपलचं घड्याळ आयफोनशिवाय जोडता येत नाही आणि यांचा फोन दुसऱ्या पंथातला. म्हणजे घड्याळासाठी फोन बदला. ट्रेनिंग वॉच घेऊन आयफोनही घ्यावा, तर मेसेज मनगटावर वाचता येतो पण मनगटावरून उत्तर देता येत नाही. "कधीकधी तेच बरं," असं मी म्हणालो, तर ते त्यांनी 'फायदे' या रकान्यात लिहून घेतलं.

सगळ्यात मोठं घोडं अडतं ते बॅटरीवर. स्मार्टवॉच साधारण रोज चार्ज करावं लागतं. अ‍ॅपलवाले कैक वर्षं अठरा तासच सांगत होते. ट्रेनिंग वॉच आठवडा-दोन आठवडे सहज काढतं. मग झोप कधी मोजायची? रात्री चार्जिंगला लावलं तर झोपेची नोंद नाही, हातात ठेवलं तर सकाळी टेकडीवर निम्म्यातच मान टाकणार. मित्राकडून उसनं आणलेलं एक स्मार्टवॉच वापरून बघताना मनगटरावांनी यावर तोडगा काढला: आंघोळीच्या वेळी चार्ज करायचं. पण घड्याळ भरायला पाऊण तास लागायचा. त्या काळात बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी बाथरूमच्या दाराशी जी काही बोलणी झाली, ती आमच्या मजल्यापर्यंत ऐकू येत असत.

त्यांचे वडील, अण्णा, या सगळ्याकडे पेपरच्या वरून बघतात. त्यांच्या हातात एचएमटी जनता. बंगळूरला सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये निघालेला तो कारखाना. २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळांची कंपनीच बंद झाली, पण अण्णांचं घड्याळ बंद पडायला तयार नाही. रोज आंघोळ झाली की गंध लावायच्या आधी किल्ली. "आम्हीही रोज चार्ज करत होतो," अण्णा म्हणाले, "फक्त त्याला बॅटरी लाइफ म्हणून कुणी घाबरवलं नव्हतं."

पावसाचा मुद्दा मात्र मनगटरावांनी पुराव्यानिशी निकाली काढला. ओल्या काचेवर टच स्क्रीन वेड्यासारखी वागते, थेंबालाच बोट समजते. म्हणून धावणाऱ्यांच्या घड्याळाला बटणं असतात. हे वाचून त्यांचं समाधान झालं नाही. मॉलमधल्या दुकानात आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी काउंटरवरच्या मुलाकडे पाणी मागितलं. त्याने आदबीने ग्लास आणून दिला. मनगटरावांनी त्यात दोन बोटं बुडवली आणि संध्या करताना शिंपडतात तसं मांडून ठेवलेल्या घड्याळावर पाणी शिंपडलं.

"सर!" मुलगा ओरडला.

"थांब. आता पॉज होतंय का बघ."

झालं नाही. मुलगा खिशातला रुमाल काढून काच पुसत होता आणि मनगटराव मला सांगत होते, "बघितलंत? सिंहगड रोडला जुलैमध्ये हे काय कामाचं?" वर त्या मुलाला विचारलं, सेल कधी लागतो?

सेल म्हणजे मनगटरावांचं पंचांग. सप्टेंबरमध्ये नवी मॉडेलं येतात, म्हणून ऑगस्टमध्ये घेणं मूर्खपणा. सप्टेंबरमध्ये आली की जुनी उतरतात, म्हणून दिवाळीपर्यंत थांबायचं. दिवाळीत उतरतात, पण हवा तो रंग संपलेला असतो. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन; नवं घड्याळ शर्यतीच्या तोंडावर लावायचं नाही, हा नियम. मग उन्हाळा, उन्हाळ्यात मोजण्यासारखं आहे काय? आणि जूनपासून पुढच्या सप्टेंबरच्या अफवा सुरू.

शेवटी घेतलं ते भर मे महिन्यात, सेल नसताना, पूर्ण किमतीला. कारण एवढंच, की ऑफिसात त्यांच्या हाताखालच्या एका पोरानं घेतलं. आलं ते ट्रेनिंग वॉच. स्मार्टवॉच हा पंथ त्या दिवसापासून पाखंड ठरला.

पहिले काही दिवस बरे गेले. घड्याळाखालच्या हिरव्या दिव्याचं कौतुक सगळ्या मजल्यांना झालं: हिरवा उजेड रक्त शोषून घेतं, ठोक्यागणिक रक्त कमीजास्त होतं, त्यावरून नाडी. पट्टा सैल असला तर ते नाडीऐवजी पावलांची लय धरतं, हेही कळलं, कारण एका सकाळी त्यांच्या हृदयाचे ठोके आणि पायांचे ठोके दोन्ही मिनिटाला १७२ आले आणि ते वाटेतच एका दगडावर बसले. दोनशेवीस उणे वय हा कमाल नाडीचा ढोबळ हिशेब त्यांच्या वयाला १७२ च येतो, त्यामुळे आपण आता टोकाला पोचलो अशी त्यांची खात्रीच झाली होती. पट्टा एक भोक आवळला आणि प्राण परत आला.

मग घड्याळाने शेरा दिला: 'अनप्रॉडक्टिव्ह'.

वीस वर्षं आयटीत काढलेल्या माणसाला हा शब्द कसा लागतो, ते बाहेरच्याला कळायचं नाही. कंपनीने अप्रेझलमध्ये 'अपेक्षेप्रमाणे' लिहिलं तेव्हा ते हसून बाहेर आले होते. पण हे कुणी माणसानं लिहिलेलं नाही, गणितानं लिहिलंय! खरं म्हणजे गणित साधं आहे. शेऱ्याच्या मुळाशी शरीर प्राणवायू किती वापरतं हा आकडा असतो; तो प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा बांधून, ट्रेडमिलवर पळवून मोजतात. घड्याळाला मुखवटा नाही, म्हणून ते वेग आणि नाडी यांची सांगड घालून अंदाज करतं. उन्हात त्याच वेगाला नाडी चढते, आणि घड्याळाला वाटतं, गडी घसरला. नवी मॉडेलं उष्म्याची सूट देतात, तरी मनगटरावांचं समाधान नाही. हे अंदाज बांधणारी फर्स्टबीट ही कंपनीही फिनलंडचीच निघाली. गार्मिनने ती २०२० मध्ये विकत घेतली. "फिनलंडमध्ये बसून," मनगटराव कडाडले, "यांना कर्वे रोडचा मे महिना काय कळणार?"

धावायचं त्यांनी थांबवलं नाही, पण धावणं आता शेऱ्यासाठी सुरू झालं. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा कुण्या डॉक्टरांनी काढलेला नसून १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्यांनी चालवलेला आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. सांगितलं ते रात्री सव्वादहाला, पार्किंगमध्ये गोल गोल फिरत, उरलेली सहाशे पावलं पुरी करताना. गणपतीत तर त्यांना शोध लागला, की आरतीला जोरात टाळ्या वाजवल्या की पावलं वाढतात. त्या वर्षी सोसायटीत सगळ्या आरत्या झाल्या, एकही गाळली नाही. कुणी मंत्रपुष्पांजलीकडे वळू लागला, की मनगटराव आणखी एक सुरू करायचे.

आणि मग ती हाफ मॅरेथॉन. शर्यत २१.१ किलोमीटर, मनगटरावांच्या घड्याळात २१.४२. पदक गळ्यात तसंच ठेवून ते आयोजकांच्या टेबलाशी गेले. "तीनशे मीटर जास्त पळवलंत आम्हाला."

टेबलामागे एक शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, "मोजलं कशानं?"

मनगटरावांनी हात पुढे केला. उपग्रह, दोन फ्रीक्वेन्सी, सगळं सांगितलं. "तुम्ही कशानं मोजलंत?"

"सायकलनं."

यानंतरचं संभाषण मी जवळून ऐकलं आहे आणि ते मला फार आवडतं. रस्त्यावरच्या शर्यतींचं अंतर जगभर खरोखरच असं मोजतात: सायकलच्या पुढच्या चाकाला आकडे मोजणारा छोटा यंत्रभाग लावतात, आधी माहीत असलेल्या अंतरावर ती सायकल तपासून घेतात, आणि मग धावणारा घेऊ शकेल अशा सगळ्यात जवळच्या वाटेने, प्रत्येक वळण आतून कापत, सगळ्या मार्गावर चालवतात. कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतातही. म्हणजे हाफला एकवीस मीटर. बाईंनी एवढं सांगून मनगटरावांना विचारलं, वळणं आतून घेतलीत का? पाण्याच्या टेबलासाठी रस्ता ओलांडलात का? फोटोवाला दिसल्यावर?

फोटोवाला दिसल्यावर मनगटराव रस्त्याच्या पार पलीकडे गेले होते. दोनदा. मी बघितलं होतं.

"म्हणजे तीनशे मीटर जास्त धावलो, हे खरंच आहे ना?" त्यांनी विचारलं. खरंच होतं. तेवढ्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते केळं घ्यायला गेले.

अलीकडे त्यांनी घड्याळाचा आणखी एक उपयोग शोधलाय. ते अंगातली शिल्लक शक्तीही शंभरपैकी आकड्यात सांगतं, आणि किती तास विश्रांती घ्या तेही. रजेच्या अर्जाला जोडायला असा दाखला आजवर घरात कुणाकडे नव्हता. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी काही कामाने गेलो, तर वहिनी स्टुलावर चढून माळ्यात निम्म्या शिरलेल्या, अण्णा खाली पितळी डबे चिंचेनं घासतायत, आणि मनगटराव सोफ्यावर, हात उताणा.

"अहो, तो मोठा डबा धरा जरा," माळ्यातून आवाज आला.

"अगं, अकरावर आलोय. छत्तीस तास विश्रांती सांगितलीय त्यानं."

"मग काढून ठेवा ते टीव्हीवर," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे त्याला कळणार नाही."

मनगटरावांनी माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि घड्याळ काढून टीव्हीशेजारी पालथं ठेवलं. पुढचे दोन तास ते स्टुलावर चढत-उतरत होते. पितळेचे हंडे, बासनात बांधलेली पातेली, नातवंडांसाठी ठेवलेला पाळणा, सगळं खाली आलं आणि पुसून परत वर गेलं. मीही दोन डबे धरले. चहा झाला, तेव्हा त्यांच्या बनियनची पाठ भिजली होती आणि चेहरा मात्र उतरला होता. दोन तास घाम गाळला आणि एक पाऊल जमा नाही! मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी फोन काढला, बोटानं यादी वरखाली केली आणि माझ्यासमोर धरली.

"हाताने नोंद करता येते यात. पण तुम्ही सांगा, माळा कशात टाकू? क्लाइंबिंग, की स्ट्रेंग्थ?"