गर्दीत रमणारा भटक्या

अभिनेते इवान मॅक्ग्रेगर आणि चार्ली बूरमन २०१९ साली अर्जेंटिनाच्या उशुआयापासून थेट लॉस एंजेलिसपर्यंत विजेच्या मोटरसायकलींवर गेले. ‘लाँग वे अप’ मालिकेत ते सगळं आहे. त्या दोघांसाठी वाटेवर चार्जिंगची सोय उभारली गेली, मागे-पुढे मदतीच्या गाड्या होत्या. दोघांनीच मुक्त भटकायला माणसं जरा जास्तच लागली, एवढंच. अर्थात दोष धाडसाचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. त्यांच्या हार्ले-डेव्हिडसन लाइव्हवायरची बॅटरी सुमारे साडेपंधरा किलोवॅट-तासांची, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात दोन लिटर पेट्रोलही नाही. मोटर काटकसरी, म्हणून तेवढ्यावर शंभरेक किलोमीटर निघतात. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीज मोकळ्या हमरस्त्यावर मिळत नाही. त्यामुळे ही गाडी सर्वांत लांब जाते ती सिग्नलला थांबत, रिक्षांच्या मागे रांगत; म्हणजे नेमकी जिथून पळून जायला माणूस टूरवर निघतो तिथेच.

यावर उत्तर येतं, की जलद चार्जर चाळीस मिनिटांत ऐंशी टक्के भरतो. खरं आहे, पण तो चार्जर घाटमाथ्यावर नसतो, मॉलच्या तळघरात असतो. दुसरं म्हणणं अधिक वजनदार: प्रवासाची खरी मजा थांबण्यात आहे, असं भटके नेहमीच सांगत आले. मान्य. मात्र पेट्रोलवाल्याला कुठे थांबायचं ते धबधबा सांगतो, वीजवाल्याला प्लग.