आधी यंत्र, मग लाकूड

छोट्या सुतारखान्याची खरेदी हल्ली उलटी चालते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आधी टेबल-सॉ आणि राऊटर येतात, मग ते ठेवायला जागा शोधली जाते. रोज हाताशी लागतात ते रंधा, करवत, गुण्या आणि 6, 12, 25 मिलिमीटरच्या पटाश्या. पटाशी कितीही महागाची असो, 25 ते 30 अंशांची धार नसेल तर ती रंगाचे डबे उघडण्यापुरतीच. धारेचा दगड मात्र यादीत शेवटी, तोही बहुधा खोडलेला. बिजागऱ्यांचे वेगळे नाही: सागवानी दाराला स्वस्तातले लोखंड, जे कोकणच्या खाऱ्या हवेत लवकरच कुरकुरू लागते. एखादा शहाणा पितळी बिजागरी घेतो आणि स्क्रू लोखंडी आणतो. आधी तेच गंजतात.