उभ्यानं पाहिलेली कुस्ती

महाराष्ट्र केसरीत कुस्ती माती आणि गादी अशा दोन विभागांत होते. जबलपूरच्या आमच्या घरात तिसराही एक विभाग होता, टीव्हीचा. माती विभागात काका एकटेच. गादी विभागात वडील, म्हणजे त्यांना कुस्तीशी काही देणंघेणं नव्हतं, ते गादीवर आडवे होऊन सगळ्यांचं ऐकून घेत. टीव्ही विभागात मी, आणि आतून मला फितूर असलेली आजी.

काकांचं तरुणपण कोल्हापूरच्या तालमीत गेलेलं. पुढं नोकरीसाठी ते इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत आले आणि जबलपूरचे झाले. पण मोजपट्टी कोल्हापूरचीच राहिली. गर्दी पाहिली की ती खासबाग मैदानापेक्षा कमी, पाऊस पाहिला की तो पंचगंगेच्या मानानं किरकोळ. त्यांची स्वतःची एक कुस्ती घरात प्रसिद्ध होती. मी चौथीत होतो तेव्हा ती वीस मिनिटं चालली होती, आठवीत गेलो तेव्हा चाळीस, आणि मी कॉलेजात जाईतो ती दोन तास चालून दिवेलागणीला बरोबरीत सुटली.

अशा घरात 1993-94च्या सुमारास केबलची वायर आली आणि तिच्यातून डब्ल्यूडब्ल्यूएफची अमेरिकन कुस्ती उतरली. काका दारात उभे राहिले, एक हात चौकटीवर. पहिला प्रश्न आला, "माती कुठाय?" माती नव्हती. "हा गडी तोंडाला रंग फासून आलाय, कुस्तीला आलाय का शिमग्याला?" मग एकानं दुसऱ्याला दोरीकडं भिरकावलं, तो दोरीला पाठ लावून तसाच पळत परत आला आणि त्यानं छातीवर हाताचा तडाखा खाल्ला. काका थक्क झाले. "ढकललेला माणूस लांब जातो रे. हा मार खायला स्वतःहून परत आलाय!" निकाल लागला. सगळं खोटं. आणि तरीही तासभर काका दारातून हलले नाहीत. बसले मात्र नाहीत. त्यांच्या लेखी उभ्यानं पाहिलेलं हे पाहिल्यात धरायचं नव्हतं, जसं उभ्यानं घेतलेल्या चहाला आपण चहापान म्हणत नाही. हा नियम त्यांनी पुढची वीस वर्षं पाळला.

शाळेत तेव्हा ट्रम्प कार्डांचा जमाना होता. पत्त्यावर पहिलवानाचा फोटो आणि खाली त्याची कुंडली: रँक, उंची, वजन, छाती, दंड. हातात योकोझुना असला की मधल्या सुट्टीत डोळे मिटून "वजन" म्हणायचं आणि समोरच्याचा पत्ता ओढायचा. जबलपुरात मोठ्या भावाला, मित्राला, वेळप्रसंगी अनोळखी रिक्षावाल्यालाही "बड्डे" म्हणतात. "बड्डे, अंडरटेकर दे दे, बदले में तीन ले ले," असे गंभीर सौदे आमच्या मैदानात होत. अंडरटेकर मरतो आणि परत येतो, ही बातमी आम्हाला अजिबात अशक्य वाटली नाही. दसऱ्याला जळून पुढच्या वर्षी रामलीलेत वेळेवर हजर होणारा रावण ज्या गावात आहे, तिथं हे काय मोठं?

हळूहळू एकेक पत्ता उलटा पडत गेला. जपानी सुमो म्हणून मिरवणारा योकोझुना जन्मला होता सॅन फ्रान्सिस्कोत, सामोअन घराण्यात. 1996 साली 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमारनं अंडरटेकरला उचलून आपटलं म्हणून आम्ही थिएटरात शिट्ट्या वाजवल्या. पुढं कळलं की तो अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पहिलवान होता. गंमत अशी की याच ब्रायन लीनं 1994मध्ये अमेरिकेत नकली अंडरटेकर बनून असली अंडरटेकरशी सामना केला होता. म्हणजे अक्षयनं खोट्यातला खोटा उचलला होता. आणि अंडरटेकरचा तो आगीत होरपळलेला, मुखवट्यातला भाऊ केन? भाऊबिऊ कोणी नाही, ग्लेन जेकब्स त्याचं नाव. 2018मध्ये टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा तो रीतसर मेयर झाला. ज्याला पाहून माझी धाकटी बहीण पलंगाखाली शिरायची, तो पुढं रस्ते आणि कचऱ्याच्या बैठका घेऊ लागला.

सगळ्यात मोठा पत्ता तर आमच्या केबलच्याही आधी उलटा पडलेला होता. 1989 साली डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर स्वतःच सांगून टाकलं होतं की आमचे सामने ही करमणूक आहे, खेळ नव्हे. खेळ म्हटला की सरकारी नियमन आलं, कर आला. मी हे कुठंतरी वाचून मोठ्या पडेल चेहऱ्यानं घरी सांगितलं. काकांना विजय साजरा करायचा होता, पण त्याआधीच गादी विभागातून वडील बोलले. वडील एका वकिलांकडं मुन्शी होते आणि जबलपूर हे हायकोर्टाचं गाव. ते म्हणाले, "आमच्याकडं दोन वकील कोर्टात एकमेकांवर असे गरजतात की पक्षकाराला वाटतं, आता हातघाईवर येणार. सुट्टीत दोघं एकाच बाकावर समोसा खातात. म्हणून काय खटला खोटा? पक्षकाराची जमीन तर खरीच जाते." आणि कूस बदलता बदलता त्यांनी तो शब्द उच्चारला, "लुटुपुटूची लढाई म्हणतात त्याला. खेळायला दोन शहाणी माणसं लागतात."

अमेरिकन मंडळींनी या प्रकाराला जत्रेतल्या गुप्त बोलीतला 'केफेब' असा शब्द ठेवला आणि कितीतरी वर्षं तो बाहेर फुटू दिला नाही. आपल्याकडं लुटुपुटू हा शब्द रांगत्या पोरालाही ठाऊक असतो. आजोबा नातवाच्या एका बुक्कीनं कोसळतात, डोळे पांढरे करतात, आणि पडताना कोपर पोराला लागणार नाही याची काळजी घेतात. खऱ्या कुस्तीत समोरच्याला पाडायचं असतं, लुटुपुटूच्या कुस्तीत त्याला पडताना सांभाळायचं असतं. दीडशे किलोचा माणूस दुसऱ्याला डोक्यावर उचलतो तेव्हा वरच्याची मान खालच्याच्या भरवशावर असते. ही कला कमी दर्जाची म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पडण्याची ही कला मी पहिल्यांदा पाहिली ती मात्र कुस्तीत नव्हे, अंतराळात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. दहा वाक्यांतली दोन कळत. पण यानावर हल्ला झाला की कॅमेरा तिरका व्हायचा आणि कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक आणि झाडून सगळे अधिकारी एका तालात डावीकडं झुकायचे, मग उजवीकडं. विश्वाच्या टोकाला निघालेल्या त्या यानात खुर्चीला साधा पट्टा नव्हता! आम्ही भावंडं घरातल्या मोडक्या खुर्च्या मांडून तेच करायचो. कोणी कुठं पडायचं हे आधी ठरवलेलं असे.

मग 22 मे 1997ची पहाट आली आणि जबलपूरच तिरकं झालं. 5.8 तीव्रतेचा भूकंप. यावेळी कोणी कुठं पडायचं हे ठरलेलं नव्हतं. वडील दाराऐवजी कपाटाकडं धावले, आजी देवघरातून हलेना, आणि अंतराळातल्या अनेक हल्ल्यांचा अनुभव असलेला मी पलंगाचा पाय धरून नुसता ओरडत होतो. शहरात माणसं गेली, घरं पडली. पुढच्या रात्री सगळ्या गल्लीनं उघड्यावर काढल्या. धीर आल्यावर आम्ही मदनमहालच्या टेकडीवर गेलो. तिथं एका खडकावर दुसरा प्रचंड खडक इवल्याशा जागेवर टेकून उभा आहे, बॅलन्सिंग रॉक. पाहणाऱ्याला वाटावं, कोणीतरी सिनेमासाठी पुठ्ठ्याचा करून ठेवलाय, फुंकर मारली की पडेल. तो जागच्या जागी होता. काका कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "बैठक चांगली आहे गड्याची."

अशा गावात वाढलं की खऱ्याखोट्याचा हिशेब जरा सैल होतो. आमच्या भेडाघाटला पंचवटी घाटावरून नाव निघते. संगमरवरी कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि नावाडी यमक जुळवत समालोचन सुरू करतो. हा खडक म्हणजे हत्ती, ती म्हणजे मोटार, इथं राज कपूरचं शूटिंग झालं. 'जिस देश में गंगा बहती है'चं चित्रीकरण भेडाघाटला झालं हे खरंच आहे. पण नावाड्याच्या तोंडून ते दर फेरीत वेगळ्या कड्यावर होतं. बंदरकूदनीला पोचलं की, एकेकाळी माकडं या कड्यावरून त्या कड्यावर उडी मारायची, हे तो अशा आवाजात सांगतो की नावेतले सगळे माना वर करून माकड शोधतात. कोणी पुरावा मागत नाही. नाव हलत असताना नावाड्याला खोटं पाडू नये, एवढं शहाणपण सगळ्यांना असतं.

आमच्या आजीकडं हे शहाणपण उपजतच होतं. काकांच्या माती विभागात एकाच फ्रीस्टाइलवाल्याला प्रवेश होता, दारासिंग. "दारासिंगचं वेगळं," इतकंच ते म्हणत, आणि तिथं वाद संपे. 1987मध्ये 'रामायण' सुरू झालं, दारासिंग हनुमान झाले आणि आजी टीव्हीला हात जोडू लागली. काका सांगायला गेले, "आई, हा पहिलवान आहे. याला सिनेमात किंगकाँगशी लढताना पाहिलंय मी." आजी म्हणाली, "मग? हनुमंत पहिलवान नव्हता?" पुढं मला शोध लागला की हेच दारासिंग 1967मध्ये 'चाँद पर चढाई' नावाच्या चित्रपटात चंद्रावर जाऊन तिथल्या राक्षसांशी झुंजले होते, नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी. कुस्ती आणि अंतराळ, माझी दोन्ही दैवतं एकाच देहात! अमेरिकेत द रॉक हा पहिलवान 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'मध्ये परग्रहावरचा मल्ल म्हणून उतरला तो 2000 साली. मी हे मोठ्या उत्साहानं आजीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "लहानपणी सूर्य गिळायला निघालेला तो. चंद्राचं काय घेऊन बसलास?"

आईचा निकष आणखी साधा होता. महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसं श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचतात, एखादं आडनाव सापडेल म्हणून. 1998मध्ये 'कॅप्टन व्योम' सुरू झालं आणि आकाशगंगेचा भार मिलिंद सोमणवर आला. आईला गोष्ट कधीच कळली नाही, पण तिनं ती मालिका निश्चिंत मनानं पाहिली. सोमणांचा मुलगा आहे, सांभाळेल सगळं.

आणि मुखवटा म्हणाल, तर तो आपल्याकडच्या भल्या माणसांनीही घातलाय. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ते आखाड्यात उतरले होते, परीक्षकांनी नाव पाहून हात वर करू नये म्हणून. मुखवटा घालून निकाली कुस्ती मारणारा असा दुसरा गडी मला माहीत नाही.

लुटुपुटूचा खेळ एकदा मात्र पाहवला नाही. 23 मे 1999ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा पहिलवान छतावरून दोरानं रिंगणात उतरत होता, तो निसटला आणि गेला. ती बातमी आली तेव्हा आमची पोरं कितीतरी दिवस म्हणत होती, "बड्डे, वापस आएगा." अंडरटेकर यायचा ना. काका दारातून नेहमीसारखं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते इतकंच म्हणाले, "धरायला खाली कोणी नव्हतं रे."

काकांची ऐंशी उलटून गेल्यावरची गोष्ट. 7 एप्रिल 2014, सोमवार, सकाळची वेळ. रेसलमेनिया या वार्षिक दंगलीत अंडरटेकर एकवीसदा उतरला होता आणि एकवीसदा जिंकला होता. समोर ब्रॉक लेस्नर. मी काकांना मुद्दाम सांगितलं, हा खरा कुस्तीगीर आहे, 2000 साली अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत हेवीवेटचा विजेता होता. म्हणजे तुमच्या पक्षाचा. काकांनी चौकटीतून निरखलं. "मेहनत आहे. मान बघ त्याची." मी मनात म्हटलं, आज माती विभाग जिंकणार.

तसंच झालं. लेस्नरनं अंडरटेकरला तिसऱ्यांदा खांद्यावर घेऊन आपटलं, वर पडला, पंचानं जमिनीवर तीनदा हात मारला. सारं स्टेडियम गप्प. पडद्यावर आकडे आले, 21-1. सगळं आधी ठरवलेलं, कोणाच्या तरी टेबलावर आधी लिहिलेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि माझा चहा गार झाला होता. काही वेळानं शेजारी कोणाचा तरी श्वास ऐकू आला म्हणून पाहिलं, तर सोफ्यावर काका बसलेले. कधी येऊन बसले कुणास ठाऊक. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर.

"खोटं आहे काका," मी म्हटलं. मलाच धीर हवा होता.

"ते राहू दे," काका म्हणाले. "तिसरा हात नीट पडलेला नाही. पंच त्यांच्या गावचा दिसतोय."