काटा जरासा पुढे

साताऱ्याच्या आमच्या घरात रेडिओ ऐकणारी माणसं अकरा आणि रेडिओ लावणारा माणूस एक. नाना, म्हणजे माझे थोरले काका. नाना रेडिओ ऐकत मात्र नसत. तंबोरा जुळवण्यात सगळी मैफल काढावी आणि जुळला की गवसणी घालून उठावं, असा त्यांचा हिशेब. स्टेशन स्वच्छ लागलं की त्यांचं काम संपे. मग तिथे कीर्तन चालू आहे की कापसाचे बाजारभाव, याची चौकशी करणं त्यांना कमीपणाचं वाटे.

रेडिओ व्हॉल्व्हचा होता. माजघराच्या कोनाड्यात, काकूने विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली त्याची स्थापना झालेली. पुढे दोन मोठी बटणं. डावं पिळलं की 'टक्' होऊन दिवा लागे, आणि तेच पुढे नेलं की आवाज वाढे. उजव्याने काटा सरके. सुरू केल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नसे, कारण व्हॉल्व्ह तापायला हवेत. तेवढा वेळ नाना हात मागे बांधून उभे राहत, रोग्याने डोळे उघडायची वाट पाहणाऱ्या वैद्यासारखे. मग खरोखरच एक डोळा उघडे. हिरवा. स्टेशन जसजसं नीट धरलं जाई, तसतशी त्यातली काळी फट मिटत येई. साध्या माणसाला एवढं पुरतं. नाना म्हणत, "तो सांगतो जवळपास. नेमकं आपण काढायचं." आणि मग काटा जरासा पुढे, जरासा मागे, पुन्हा जरासा पुढे.

सकाळी आकाशवाणीची ती व्हायोलिनवरची धून लागायची. युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराने ती बांधली, हे मला फार पुढे कळलं. नानांच्या मते ती सरकारने काटा जुळवण्यासाठी दिलेली सवलत होती.

रेडिओला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, याला कायद्याचा आधार होता. त्या काळी रेडिओला लायसन्स लागे आणि पोस्टात पैसे भरून त्याचं नूतनीकरण करावं लागे. "लायसन्स कुणाच्या नावावर आहे?" एवढं विचारलं की वाद मिटे. आजीच्या नावावर अख्खं घर होतं, पण ती हे कधी बोलून दाखवत नसे.

एरियल म्हणजे माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी. तिच्यावर टॉवेल वाळत टाकला म्हणून आत्या एकदा दोन दिवस बोलणी खात होती. अर्थिंगची तार खिडकीतून परसात जमिनीत पुरलेली. ती माती ओली हवी, नाहीतर स्टेशन कोरडं येतं, असं नानांचं शास्त्र. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. त्यामुळे आमच्याकडे सकाळी तुळशीला पाणी आईचं आणि अर्थिंगला पाणी माझं. नैवेद्य तेवढा दाखवायचा राहिला.

पण नानांचा खरा अधिकार खरखरीवर. स्टेशनं काय, कुणीही ओळखेल. नाना खरखर ओळखत. "ही ट्यूबलाइटची. पलीकडच्यांचा स्टार्टर गेलाय." "ही गिरणीच्या मोटारीची, चिवट असते." "ही स्कूटरच्या प्लगची, आता जाईल." आणि ती जाई. वैशाखात एखाद्या दुपारी मध्येच कडकड ऐकून ते म्हणत, "वळीव. अजून कोरेगावकडे आहे. पापड आत घ्या." आभाळात ढगाचा ठिपका नसे. काकू कुरकुरत पापड आत घेई, आणि अर्ध्या तासात पत्रे वाजायला लागत. वीज लांब कडाडली तरी मिडियम वेव्हवर ती ऐकू येतेच, यात चमत्कार काही नाही. पण त्या दिवशी रात्री जेवताना नाना दोन पोळ्या जास्त खात.

एकच खरखर त्यांना मान्य नव्हती, कारण ती त्यांनी स्वतः जन्माला घातली होती. आवाजाच्या बटणाभोवती त्यांनी लाल पेन्सिलीने एक रेघ मारली होती. ही मर्यादा. आवाज हिच्या अलीकडेही नको आणि पलीकडेही नको. नाना आंघोळीला गेले की काकू हळूच बटण पुढे सरकवी, आणि मोरीतून आवाज येई, "रेघेवर आणा!" वर्षानुवर्षं बटणाच्या आतली सरकपट्टी त्याच जागी घासून घासून तिथली कार्बनची वाट झिजली. परिणामी आमचा रेडिओ रेघेच्या अलीकडे गोड, पलीकडे गोड, आणि बरोबर रेघेवर फुटाणे भाजल्यासारखा. नाना बटण चार वेळा गरागरा फिरवून "धूळ झाडली" म्हणत आणि पुन्हा रेघेवर आणून ठेवत. रेघ खोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. नंतर १९७८च्या नोव्हेंबरात मिडियम वेव्हवरची स्टेशनंच थोडी थोडी सरकवली गेली, तेव्हा काचेवरच्या त्यांच्या सगळ्या खुणा चुकल्या. नाना आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

बुधवारची रात्र बायकांची असायची. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, अमीन सयानी. शॉर्टवेव्हचं स्टेशन ते, लाटेवरच्या होडीसारखं वर-खाली व्हायचंच. सोडून दिलं तर चार क्षणांत आपणहून परत येतं. पण नानांना सोडून देणं ठाऊक नव्हतं. आवाज बुडाला की ते काट्याने त्याच्या मागे जात. तोवर आवाज मूळ जागी परत आलेला असे आणि नाना चिनी बातम्यांत पोचलेले असत. पहिल्या नंबरचं गाणं कोणतं, हे आमच्या घरातल्या बायकांना गुरुवारी नळावर कळे.

आजीची तक्रार याहून जुनी. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा ती रेडिओपुढे उदबत्ती लावून हात जोडून बसायची. छपन्न गाणी, आठवड्याला एक. "राम वनवासाला निघाला, परत आला, अभिषेक झाला," आजी सांगे, "तरी ह्याचं आपलं 'थांब गं, जरासं पुढे आहे'."

रात्री जेवणं झाल्यावर मात्र नाना एकटे बसत. आवाज अगदी बारीक. दिवसा वातावरणातला जो थर मिडियम वेव्हच्या लहरी गिळतो, तो सूर्य मावळला की विरतो. मग लहरी आणखी वरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. दिवसा पुण्यापलीकडे न जाणारा आमचा काटा रात्री कुठेही जाई. कन्नड, गुजराती, अरबी, कुठली कोण जाणे गाणी. नाना एकेक स्टेशन धरत, निवळत, हिरवा डोळा मिटेपर्यंत आणत, मान हलवत आणि पुढे जात. एकदा मी विचारलं, "नाना, तो काय म्हणतोय?" ते म्हणाले, "ते त्याचं त्याला. आलाय किती स्वच्छ, ते बघ."

हे सगळं चाललं. पण २४ ऑगस्ट १९७१ आमच्या घराने त्यांना कधी माफ केला नाही.

मंगळवार होता आणि गणेश चतुर्थी होती. आदल्या दिवशी ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा गडी काढून इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. जिंकायला १७३ हव्या होत्या. तिकडे मैदानावर आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून फिरवली. इकडे आमच्याकडे बाप्पापुढे समई तेवत होती, आणि बाबा, शेजारचे दोघे-तिघे, आम्ही पोरं, सगळे शॉर्टवेव्हला कान लावून बसलेलो. तिकडे दुपार, इकडे दिवेलागण. आरती खोळंबलेली. इंग्रजी बाबांनाच कळे. ते ऐकून आम्हाला सांगत. वाडेकर सकाळीच धावबाद. सरदेसाई गेला. विश्वनाथ १७० वर गेला. इंजिनियर होता, अबिद अली आला.

"नाना, आता हात लावू नका," बाबा म्हणाले. थोरल्या भावाला ते आयुष्यात पहिल्यांदाच असं बोलले असावेत.

"मी कशाला लावतोय," नाना म्हणाले. बोटं बटणावर होतीच.

निवेदकाचा आवाज एकदम चढला, आणि त्याच्या मागून प्रचंड खरखर उसळली. आवाज तीत बुडून गेला. नानांनी डोळे मिटले. "ट्यूबची नाही," ते पुटपुटले. "गिरणी आज बंद आहे. वळवाचे दिवस नाहीत..." ओळखता न आलेली ती त्यांची पहिली खरखर. त्यांनी आवाज रेघेच्या खाली घेतला आणि काटा जरासा पुढे नेला.

बाबा ओरडले, "नाना, ती माणसं आहेत!"

तेवढ्यात आळीच्या टोकाला फटाक्यांची माळ लागली, कुणीतरी "जिंकलो!" म्हणून बोंबलत पळालं आणि आमच्याकडची दोन्ही पोरं त्याच्या मागे. अबिद अलीने चौकार मारला होता आणि लोक मैदानात घुसले होते. कप्तान वाडेकर त्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते, केन बॅरिंग्टनने त्यांना उठवून सांगितलं, हे मागाहून वाचलं. पण त्या संध्याकाळी बाबांना ते सांगूनही उपयोग झाला नसता. ते तबक उचलून आरतीला गेले. त्यांच्यामागे सगळेच गेले. टाळ वाजायला लागले.

नाना कोनाड्याशी तसेच होते. काटा जरासा मागे, जरासा पुढे. हिरवा डोळा हळूहळू मिटत आला. खरखर गेली, आणि एक इंग्रज शांतपणे, अगदी घरात बसल्यासारखा स्वच्छ, काहीतरी सांगू लागला. नानांनी दोन्ही हात बाजूला घेतले आणि टाळांच्या वरून हाक मारली,

"या रे! लागलं बघा!"