वाईकरांस अनावृत तक्रारपत्र

सेवेशी,
मेहेरबान मुख्याधिकारीसाहेब, सन्माननीय नगराध्यक्ष व सर्व सभासद,
नगरपरिषद, वाई, जिल्हा सातारा.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या नगरपरिषदेने सन २०१८ पासून गावातील घरोघरच्या सेप्टिक टाक्या, कोणाचा अर्ज आलेला नसताना, कोठे काही तुंबलेले नसताना आणि शेजाऱ्याने भांडणही काढलेले नसताना, केवळ वेळापत्रकात पाळी आली एवढ्याच क्षुल्लक कारणावरून क्रमाक्रमाने उपसून नेण्याचा जो उद्योग आरंभिला आहे, त्याची वार्ता तानसा तलावाच्या या काठापर्यंत येऊन पोहोचली असून, तिच्यामुळे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आम्हां टाकीधारक गृहस्थांच्या मनःस्वास्थ्यास जो उपसर्ग झाला आहे, त्याबद्दल दाद मागण्याकरिता हा अर्ज रुजू करीत आहे.

वाईविषयी आमच्या मनात आजवर निखळ आदर होता, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. कृष्णेचे घाट, रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले विश्वकोशाचे कार्यालय एवढ्या पुण्याईवर आपल्याला आणखी चार शतके स्वस्थ बसून राहता आले असते. परंतु यच्चयावत् विश्वाची अकारविल्हे नोंद करण्याची सवय गावाला एकदा जडली, म्हणजे संडासाच्या टाक्याही तिच्यातून सुटत नाहीत, असे दिसते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपले गाव सुमारे ३६ हजार वस्तीचे. त्यातील घरोघरची टाकी कोठे आहे, ती कोणत्या वर्षी उपसायची, उपसली की नाही, याचे दप्तर आपण ठेवता आणि दर तीन वर्षांनी एक आवर्तन पुरे करता. सिन्नरची नगरपरिषदही याच कटात सामील असल्याचे समजते.

आता आमच्याकडील वहिवाट काय आहे, ती निवेदन करतो. आमच्याकडे सेप्टिक टाकी ही बांधण्याची वस्तू समजली जाते, उपसण्याची नव्हे. घराचा पाया खणताना एकदा खड्डा खणावा, तो शेजाऱ्याच्या खड्ड्याहून हातभर तरी मोठा असावा, वर स्लॅब टाकावा आणि त्यानंतर त्या विवराशी घराण्याचा संबंध फक्त एकाच दिशेने राहावा, हा शिरस्ता. सरकारने ग्रामीण भागासाठी दोन शोषखड्ड्यांचा संडास सुचविला होता. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि तोवर पहिल्यातील मैल्याचे आपसूक खत होऊ द्यायचे, अशी त्याची साधी योजना. पण ज्याच्या अंगणात मोटार उभी आहे त्याने शोषखड्डा वापरावा हे प्रतिष्ठेला शोभत नाही, म्हणून आम्ही टाकीच बांधतो; आणि वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या लोकलच्या वाटेवर ज्या नव्या वसाहती उठल्या आहेत, त्यांच्या जाहिरातींत डोंगराचे दर्शन, मोकळी हवा आणि स्थानकापासूनचे अंतर ही सर्व माहिती सविस्तर दिलेली असली, तरी इमारतीखालच्या टाकीचा उल्लेख मात्र शालीनतेने टाळलेला असतो.

टाकीत काय चालते याची शास्त्रीय माहिती आपल्या अभियंत्यांना असेलच. तळाशी गाळ बसतो, वर मेदाचा थर तरंगतो, मध्ये पाणी राहते. प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू गाळाचे थोडेफार विघटन करतात, आणि मधले पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात मुरावे अशी अपेक्षा असते. गाळ साचत साचत वर आला, म्हणजे पाण्याला आत थांबायला अवकाश उरत नाही आणि मग जे आत येते तेच जसेच्या तसे पलीकडच्या गटारात निघून जाते. म्हणून दोन-तीन वर्षांनी गाळ काढावा, असे शास्त्र सांगते. परंतु आमच्याकडे ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापाने सांगण्याइतके अभिमानास्पद मानले जाते. एवढा गाळ गेला कोठे, असा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारीत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते: टाकीला तळच घातलेला नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण वरून अभेद्य दिसत असला तरी त्याला भेगा असतात, त्या भेगांतून जे झिरपते ते पंचवीस पावलांवरच्या विहिरीपर्यंत पोहोचण्यास मामलेदाराच्या परवान्याची गरज पडत नाही, आणि पावसाळ्यात भूजल वर आले म्हणजे टाकी व विहीर यांच्यामध्ये फक्त नावाचाच भेद उरतो.

येथे थोडे स्थलमाहात्म्य सांगणे भाग आहे. आमचा शहापूर तालुका हा मुंबईचा पाणीदाता. तानशाचे धरण १८९२ सालचे; पुढे मोडकसागर आला, भातसा आली. तानशाचे पाणी मोठमोठ्या नळांतून बंदिस्त जाते, ते बिचारे आमच्या करामतींपासून दूर आहे. परंतु भातसा धरणाचे पाणी उघड्या नदीपात्रातून आमच्या वस्त्यांच्या कडेकडेने वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते, तेथे उचलले जाते आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन महानगराच्या पेल्यांत उतरते. मुंबईकर आम्हांला कधी काही परत देत नाहीत, अशी तक्रार येथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. आम्ही त्यांना काय काय देतो, याची मोजदाद मात्र अद्याप कोणी केलेली नाही.

याच तालुक्यात, धरणे उशाशी असताना, उन्हाळ्यात अनेक गावपाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. त्या टँकरवर शासनाची केवढी करडी नजर! त्याला जीपीएस, त्याची नोंदवही, प्रत्येक खेपेचा हिशेब आणि त्यावर सह्या. पाणी आणणारा टँकर कोणत्या विहिरीवरून निघाला आणि कोणत्या पाड्यावर रिता झाला, हे सरकारदरबारी सिद्ध करावे लागते. मैला नेणारा टँकर कोठे रिता झाला, हे मात्र कोणालाही सिद्ध करावे लागत नाही.

हा दुसरा टँकर कसा येतो, ते आपल्या माहितीस्तव लिहितो; कारण वेळापत्रकाच्या नादात आपण या सोहळ्याला कायमचे मुकलेले दिसता. गणपतीत किंवा हळदीच्या दिवशी, म्हणजे घरात चाळीस पाहुणे असताना, संडासाचे भांडे भरून येते. मग फोनाफोनी होते. अंधार पडल्यावर एक गाडी गल्लीच्या तोंडाशी लागते आणि पहिला प्रश्न येतो, ‘झाकण कुठं हाय?’ झाकणाची जागा ठाऊक असलेले आजोबा वारलेले असतात आणि त्यांच्यामागून घरात दोनदा फरशी बदललेली असते. गवंड्याला बोलावतात; तो पहारीने एकेक फरशी ठोकून पोकळ आवाज ऐकत फिरतो. अखेर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, धुणे धुण्याच्या दगडाखालची नवी कोरी टाईल फुटते आणि घरातील बायका एकदम पदर नाकाला लावतात. नळी आत जाते, पंप धडधडू लागतो, आळीतल्या खिडक्या एकामागून एक बंद होतात, कोणीतरी उदबत्तीचा पुडाच पेटवतो. वरचे पाणी निघते. तळाशी दगडासारखा बसलेला गाळ हलत नाही. ‘खालचं निघणार नाही, सिमेंट झालंय,’ असे सांगून पैसे मोजून घेतले जातात. गाडी निघताना एखाद्या चौकस मुलाने ‘कुठं नेता हे?’ असे विचारलेच, तर उत्तर मिळते, ‘हाय जागा.’

या उत्तरातील तृप्ती आपण नष्ट केली आहे, हा आमचा मुख्य आक्षेप. आपल्याकडे म्हणे घरमालकाला दारात पैसे द्यावे लागत नाहीत. स्वच्छता कर वर्षाच्या पट्टीत थोडाथोडा वसूल होतो. गाडी कोणत्या घरी गेली याच्या पावतीवर घरमालकाची सही होते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात पोहोचल्याची खातरजमा झाल्यावरच ठेकेदाराचे देयक निघते. गाडीला वाटेत ओढ्याकाठी विसावा घ्यावासा वाटला, तर ठेकेदाराचीच मिळकत बुडते. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर इतका अविश्वास दाखवून, ती जागी होण्याची वाट न पाहता, सरळ त्याच्या बिलाशी प्रामाणिकपणाची गाठ मारणे हे आपल्यासारख्या शास्त्री-पंडितांच्या गावाला शोभते काय?

आणि तो गाळ नेऊन तरी काय करता? रोज सत्तर हजार लिटर गाळ पचविण्याच्या क्षमतेचे केंद्र आपण उभारले. गेट्स प्रतिष्ठानाने त्यासाठी पैसे दिले, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने या साऱ्या योजनेस साहाय्य केले. तेथे म्हणे गाळातील पाणी वेगळे काढतात, घन भाग वाळवून उष्णतेच्या भट्टीत घालतात आणि शेवटी हाती उरते ती कोळशासारखी निरुपद्रवी भुकटी. ज्या पदार्थाचा आम्ही उच्चारही करीत नाही, त्याच्यावर एवढे संस्कार! त्यातून आपल्या या वर्तनाचा परिणाम आपल्यापुरता राहिला असता तर आम्ही मौन पाळले असते. पण राज्य शासनाने भुयारी गटारे नसलेल्या शेकडो लहान शहरांत अशी केंद्रे उभारण्याचा मनसुबा केला. शहापूर आणि मुरबाड यांना २०१५ साली नगरपंचायतीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा हे लोण येथवर येण्यास आता कायद्याची अडचणही राहिलेली नाही.

आमच्यातील काही सुज्ञांनी मध्यममार्ग सुचविला आहे, तो असा की, सक्तीचे वेळापत्रक नको. सेवा उपलब्ध असावी, ज्याला गरज वाटेल तो बोलावील. हा मार्ग मलेशियाने चोखाळून पाहिला. तेथे पूर्वी ठरावीक मुदतीने टाक्या उपसल्या जात. २००८ पासून हे काम घरमालकाच्या मर्जीवर सोडण्यात आले आणि बोलावणारांची संख्या झपाट्याने ओसरली. टाकी ही वस्तूच अशी आहे की तिची आठवण ती स्वतः करून देईपर्यंत कोणालाही होत नाही. म्हणूनच तो मध्यममार्ग आम्हांला मनापासून पसंत आहे.

एका गोष्टीविषयी मात्र उपहासाने लिहिणे मला साधत नाही. ‘खालचं निघणार नाही’ असे गाडीवाल्याने सांगितल्यावर पुष्कळदा दुसरा उपाय होतो: कोणातरी गरिबाला चार पैसे अधिक देऊन दोरीने आत उतरविणे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. प्रथम त्याची दुर्गंधी येते. प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच नाहीशी होते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे आतल्या माणसाला वाटते त्याच क्षणी तो कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला असे उतरविणे हा गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. रक्कम वाढविण्याची पाळी आली, याचा अर्थ माणसे मरतच राहिली. ज्या टाकीतील गाळ तीन वर्षांचा आहे तो नळीने निघतो. वीस वर्षांचा झाला की त्याला माणूस लागतो. वेळापत्रकाच्या बाजूने याहून मोठे प्रमाण मला ठाऊक नाही, आणि ते आमच्या बाजूचे नाही हे कबूल करतो.

असो. सबब, मेहेरबानांस विनंती की, आपल्या वेळापत्रकाची, स्वच्छता कराच्या ठरावाची आणि ठेकेदाराबरोबरच्या करारनाम्याची प्रत आमच्या बाजूच्या कोणत्याही ग्रामपंचायतीस किंवा नगरपंचायतीस चुकूनही पाठवू नये. येथील सभासदमंडळी अभ्यासदौऱ्याच्या निमित्ताने वाईस आलीच, तर त्यांना घाट दाखवावेत, ढोल्या गणपतीचे दर्शन घडवावे, दुपारी उत्तम जेवण घालावे आणि प्रक्रिया केंद्राची वाट विचारल्यास महाबळेश्वराचा रस्ता दाखवावा. ते तिकडे आनंदाने जातील. कोणी फारच हट्ट धरला आणि प्रत देणे अपरिहार्य झाले, तर ती मोठ्या टायपात द्यावी, म्हणजे निदान चष्मा घरी राहिल्याची सबब कोणाला सांगता येणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक टाकीधारक,
तानसा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे

ता. क. : आपल्या गाडीची नळी किती मीटर लांब असते, तेवढे कृपया उलट टपाली कळवावे. आमची गल्ली अरुंद आहे आणि टाकी परसात आहे.